रेंजच्या दगडाचं भूमिपूजन

आंबवड्याला माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यामागे एक दगड आहे आणि माझ्यामुळे त्या दगडावर आता कोणालाही पाय ठेवता येत नाही.

पूर्वी ठेवता येत होता. ठेवता येत होता कसला, ठेवावाच लागायचा! कारण मामांच्या (सासऱ्यांना आम्ही जावई मामा म्हणतो, मुली आण्णा म्हणतात) वस्तीवर मोबाईलला रेंज यायची ती फक्त त्या एका दगडावर उभं राहिलं तरच. खाली उतरलं की बोलणं तुटलं. त्यामुळे घरातल्या सोयरिकी, खताची चौकशी, सासूबाईंचं त्यांच्या बहिणीशी भांडण, सगळं त्या दगडावर उभ्या-उभ्या पार पडलेलं आहे.

मी भोरच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. दर वर्षी शाळेत 'ऑनलाइन फसवणूक आणि आपण' या विषयावर भाषणही मीच करतो. त्यात फसवी योजना ओळखण्याच्या आठ खुणा सांगतो. साहजिकच सासुरवाडीत कुणाच्याही मोबाईलवर 'घरबसल्या कमवा', 'तुमचा नंबर निवडला गेला आहे' असलं काही आलं, की ते माझ्यापुढे यायचं. मी चष्मा लावायचो, दोनदा वाचायचो आणि निकाल द्यायचो, "खोटं आहे." मग मामा म्हणायचे, "सर म्हंत्यात म्हंजी संपलं!" एवढ्या एका वाक्यावर मी पुढचे आठ दिवस खूश असायचो.

आणि मग माझ्या मेहुणीचं, शोभाचं, लग्न झालं दत्ताशी.

दत्ताचं कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चर काढायचं आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस दहावीला दोनदा बसलेला. त्याला आठ खुणा माहीत नाहीत. तो एकच प्रश्न विचारतो, "आदी पैसं कोन देनार? त्ये का आपन?" आपण, असं उत्तर आलं की तो म्हणतो, "सोडा." बास! मला निकालाला अर्धा तास लागायचा, हा ट्रकचं चाक काढता काढता फोनवर निकाल द्यायचा. आणि वाईट म्हणजे तो दर वेळी बरोबर निघायचा! हळूहळू मामांचा पहिला फोन कापूरहोळला जाऊ लागला. माझ्याकडे येईना झाला. मला त्याचा हेवा वाटू लागला, हे मी इथेच कबूल करून टाकतो. जेवताना कुणी दत्ताचं नाव काढलं की मी मुद्दाम मीठ मागायचो.

अशात धोंड्याचा महिना आला. पंचांगात त्याला अधिक महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, आणि जावयांना सासुरवाडीला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे वाढतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. वाण हातात पडल्यावर मी आधी माझे अनारसे मोजले, मग हळूच दत्ताचे. दोघांचेही तेहतीसच होते. पण त्याच्या अनारशांना जाळी जास्त चांगली पडली होती!

"काय मोजताय? नीट जेवा की!" माझी बायको मंगल वाढता वाढता कानाशी पुटपुटली.

तेवढ्यात मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मोबाईलवर आलेलं पत्र त्यांनी भोरला जाऊन छापून आणलं होतं. (भोरला! माझ्या घरावरून गेले असतील!) तो कागद माझ्या नाकासमोरून पलीकडे गेला.

"दत्ता, बग रं जरा काय म्हंत्यात त्ये."

दत्तानं पुरणाचा हात पुसला आणि वाचलं. कुठल्याशा कंपनीला मामांच्या जागेत मोबाईलचा टॉवर उभारायचा होता. आठ लाख आगाऊ, शिवाय दर महिन्याला भाडं. त्याआधी मामांनी नोंदणी फी म्हणून पाच हजार भरायचे.

"मामा, आदी आपनच भरायचं म्हंत्यात. सोडा," दत्ता म्हणाला आणि त्यानं पुढचा धोंडा तुपात बुडवला.

प्रकरण इथे संपलं होतं. टॉवरची ही युक्ती मला चांगली ठाऊक होती. माझ्या भाषणातली ती चौथी खूण! दत्ता 'खरं' म्हणाला असता, तर मी एका मिनिटात ते खोटं पाडून दाखवलं असतं. पण तो आधीच 'खोटं' म्हणून बसला होता. मग मला उरलं काय? 'दत्ता बरोबर बोलतोय' एवढंच म्हणायचं उरलं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "आणा ते पत्र इकडे."

पत्राला गोल शिक्का होता. आणि वरच्या कोपऱ्यात, काय सांगू, चक्क जावक क्रमांक होता! बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद करून त्यावर जो आकडा घालतात तो. शाळेच्या कागदपत्रांत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला जावक क्रमांक दिसला की त्याचा हात आपोआप नमस्काराला जातो.

"मामा, याला जावक क्रमांक आहे! फसवणारा माणूस जावक रजिस्टर ठेवत बसेल का?"

"सर, आकडा काय, कुनी बी छापतंय की," दत्ता म्हणाला.

"तुला कार्यालयीन कामकाजातलं कळत नाही, दत्ता."

दत्तानं आमटीची वाटी तोंडाला लावली. मामा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले.

"आट लाखाचं ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले, "पर रेंज तरी घरात यील. हिचं गुडघं दुखत्यात त्या दगडावर चढून चढून. पर पाच हजार गेलं तर?"

"फी मी भरतो!" मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. मंगलच्या हातातला तुपाचा चमचा माझ्या पानावर येता येता परत गेला.

जेवण झाल्याझाल्या दगडावर चढून मी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. इतका गोड बोलणारा माणूस मी पाहिला नाही. (पाहिला नाहीच म्हणा!) दर वाक्याला 'सर'. "सर, तुमच्यासारखी सुशिक्षित माणसं फार कमी भेटतात, सर." हे वाक्य मामांना ऐकू जावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. फी तिथल्या तिथे भरली. आठवड्याभरात विम्याचे दहा हजार मागितले, तेही भरले. ते मंगलनं पिको-फॉलच्या मशीनसाठी साठवले होते.

"टॉवर झाला की दोन मशीन घेऊ," मी तिला म्हणालो.

"मला एकच हवं होतं," ती म्हणाली.

दत्तानं शोभामार्फत मंगलला निरोप धाडला, 'सरांना थांबवा.' झालं! माझी उरलीसुरली शंकाही गेली. हा मला थांबवतोय म्हणजे ह्याला टॉवरचं श्रेय मला जायला नको आहे, असा सरळ हिशेब मी मांडला. साहेब म्हणाले होते, शनिवारी सकाळी इंजिनीअर सामान घेऊन येतील. मी ठरवलं, त्याआधी भूमिपूजन करायचं आणि नारळ आपल्याच हातानं फोडायचा.

"धोंड्याच्या म्हैन्यात भूमिपूजन कुनी करतं का, जावईबापू?" सासूबाई घाबरल्या. "शुभ काम चालत न्हाई ह्या म्हैन्यात."

"शास्त्रात मोबाईल टॉवर कुठे सांगितलाय?" मी विचारलं.

हेच मी गुरुजींना विचारलं, तर ते यायलाच तयार होईनात. मग पूजाही मीच केली. जागा कुठली? अर्थात जिथे रेंज येते ती! त्या दगडाला पाण्यानं धुतलं, हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि थोरल्या जावयाच्या मानानं त्यावर नारळ फोडला. सगळी वस्ती जमली होती. सरपंच होते. दोन किलो पेढे (माझे) फिरत होते. दत्ता दुकान बंद ठेवून पिकअप घेऊन आला होता आणि तिला टेकून हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याकडे बघत बघत मी बोलायला उभा राहिलो.

"मित्रहो," मी म्हणालो, "आजकाल फसवणूक फार वाढली आहे. आलेली प्रत्येक योजना नीट पारखून घेतली पाहिजे. त्यासाठी अभ्यास लागतो!"

टाळ्या पडल्या. मामांनी डोळे पुसले. आठही खुणा मी सविस्तर सांगितल्या. चौथी तेवढी गाळली.

दहा वाजले. अकरा वाजले. इंजिनीअर नाही. पेढे संपले. बारा वाजता सरपंच म्हणाले, "सर, जरा फोन लावून बगा की. रस्ता चुकलं असतील."

मी खिशातून मोबाईल काढला, रुबाबात दगडाकडे गेलो आणि वर चढायला पाय उचलला.

"अगं बया बया! पाय नगा ठिऊ!" सासूबाई किंचाळल्या. "पूजा झालीया त्येची!"

मी पाय हवेतच धरला. सगळी वस्ती माझ्या चपलेकडे बघत होती.

"मग फोन कुठून लावू?"

तिथल्या शंभर पावलांत रेंजची ती एकच जागा होती, आणि तिच्यावर मी हळदी-कुंकू वाहून बसलो होतो. पण मला लगेच एक मुद्दा सुचला. इंजिनीअर केव्हापासून फोन करत असणार, आपल्यालाच रेंज नसल्यामुळे तो लागत नाही! तो मुद्दा मी सगळ्यांना समजावून सांगितला. त्यावर आणखी अर्धा तास निघाला.

शेवटी दत्ता पिकअपमध्ये बसला, गाडी मागे घेत घेत दगडाला अगदी खेटून लावली आणि केबिनच्या टपावर चढला.

"सर, नंबर सांगा."

मी सांगितला. खरं म्हणजे त्यानं स्पीकर लावायची काही गरज नव्हती. पण सगळेच "काय म्हंत्यात? काय म्हंत्यात?" करत होते, म्हणून त्यानं लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईनं शांतपणे मराठीत सांगितलं. मग हिंदीत सांगितलं. मग इंग्रजीत सांगितलं. भूमिपूजनाला आलेला एकही पाहुणा समजल्यावाचून राहू नये याची तिनं पूर्ण काळजी घेतली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामांनी टोपी काढून परत घातली. एक म्हातारबाबा पुढे आले आणि त्यांनी मला आदरानं विचारलं, "सर, खोबरं तरी वाटायचं ना?"

दुसऱ्या दिवशी दत्ता भोरला आला आणि मला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. हवालदारानं विचारलं, "कुणाची फसवणूक झाली?" मी चष्मा पुसायला घेतला. दत्ता म्हणाला, "आमच्या घरातल्यांची झाली, सायेब." माझं एकट्याचं नाव त्यानं घेतलं नाही. परत येताना 'मी म्हनलं व्हतं' असं एकदाही म्हणाला नाही. मी वाट बघत होतो! तो म्हणाला असता तर मला चिडायला तरी जागा मिळाली असती. पण हा चांगुलपणातही माझ्या पुढे. महिन्याभरानं त्यानं कुठूनसं एक जुनं पिकोचं मशीन आणलं, स्वतः दुरुस्त केलं आणि मंगलला दिलं. पैसे घेतले नाहीत. ते आमच्या घरात दिवसभर चालतं आणि मी दिवसभर ते ऐकतो.

दगडाचं म्हणाल, तर सासूबाई त्याला रोज फूल वाहतात. कुणीतरी शेंदूरही लावला आहे. टॉवर तर आला नाहीच, होती ती रेंजही देवानं घेतली. मामांनी त्याच्या शेजारी एक लोखंडी पिंप पालथं घातलं आहे. आता फोन करायचा तर ते त्यावर चढतात. पिंप दगडापेक्षा हातभर उंच आहे, त्यामुळे सासूबाईंचं भांडण बंद पडलं आहे.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवसापासून मामांचा पहिला फोन पुन्हा मला येऊ लागला! "सर, शेळीपालनाची योजना आलीया, तुमाला कसं वाटतंय?" "सर, व्हिडिओ बगितलं की पैसं देत्यात म्हनं, खरं आसंल का?" आणि आश्चर्य म्हणजे दत्ताला फोनच जात नाही. मला भरून आलं. एकदा न राहवून मी मंगलला म्हणालो, "बघ, शेवटी शिक्षणाला किंमत आहे. मामा आधी मला विचारतात!"

तिनं मशीन थांबवलं. "तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं वाटतंय म्हणालो."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही खरं म्हणालात की आण्णा ते सोडूनच देतात. तुम्ही खोटं म्हणालात, तरच त्यांना दत्ताभावजींना विचारावं लागतं."

आणि तेव्हापासून मामांनी पिंपावर चढून मला काहीही विचारलं, तरी मी ठणकावून सांगतो, "मामा, शंभर टक्के खरं आहे!"

दत्ताला फोन जाता कामा नये.