ऑप्शनल म्हणजे काय?

बॉयलर विकायला निघालं की ऑर्डर मिळेल याची खात्री नसते, पण किस्सा हमखास मिळतो. सत्तर सालच्या आगेमागे मी जळगावच्या एका एजन्सीत सेल्समन होतो. बरोबर आमचे फिटर नाना असायचे. नानांचं आयुष्य बॉयलरच्या पोटात गेलेलं. दोघं मिळून एस.टी.नं अख्खा खानदेश फिरलो. तेवढ्यात जमा झालेलं हे गाठोडं!

आमच्या कॅटलॉगचं शेवटचं पान म्हणजे जादाचे व्हॉल्व्ह आणि इतर सामान. वर ठळक अक्षरात ‘ऑप्शनल’. बॉयलर कोणीही विकेल, हे पान विकून दाखवावं!

जळगावच्या एका डाळमिलच्या शेठनी चष्मा वर करून विचारलं, “ऑप्शनल म्हणजे काय?”

मी म्हटलं, “म्हणजे गरज वाटली तर घ्यायचं.”

“असं होय? मग फुटल्यावर घेऊ!”

त्याच गावात एका तेलगिरणीवाल्यांना पाणी मऊ करायचं यंत्र सुचवलं. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं जड, की बॉयलरमध्ये क्षारांचे थर बसणार हे नक्की. शेठ दुखावले. “अहो, आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही. बॉयलरलाही गाळूनच देऊ!”

आणि दिलं हो! टाकीच्या तोंडाला स्वच्छ दुहेरी फडकं. वर्षानं बॉयलर उघडला तर आत बोटभर जाड खपली. शेठ एकदा खपलीकडे बघतात, एकदा फडक्याकडे. म्हणाले, “बघा, फडक्यावर तर काहीच नाही. माल आतूनच असा आला असेल!”

पारोळ्याच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मात्र आम्ही जिंकलो. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की आपोआप शिट्टी वाजते, ते उपकरण खपवलं. पहिल्यांदा शिट्टी झाली आणि सुट्टी झाली समजून सगळे कामगार जेवायला गेले! मॅनेजर दारात आडवे झाले, पण ऐकतो कोण?

महिनाभरानं आम्ही तपासायला गेलो. मॅनेजर कपाळाला हात लावून बसलेले. म्हणाले, “नाना, यंत्र उत्तम आहे. पण पाणी रोज बरोबर पावणेबारालाच कसं कमी होतं?”

भडगावच्या एका गिरणीत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीसाठी आम्ही पितळी चौकटीचं जाड काचेचं कवच दिलं होतं. नळी फुटली तर उकळतं पाणी तोंडावर येऊ नये म्हणून. पुढच्या खेपेला बघतो तर कवच गायब! तिथला बॉयलरवाला शांतपणे अहिराणीत म्हणाला, “कवच घर शे, साहेब, कंदिलवर. कंदिलनी काच रोज फुटस. बॉयलरनी आजून फुटनी नही!”

धुळ्याच्या एका तेलगिरणीत जुन्या बॉयलरवर दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की आपोआप वाफ सोडणारी झडप, घ्यायला शेठ काही केल्या तयार होईनात. “एक आहे ना? मग दुसरा कशाला?” शेवटी नानांनीच तो बसवला. “नमुना म्हणून राहू द्या,” म्हणाले.

दीड वर्षानं एके दुपारी धुळ्याहून ट्रंककॉल. ताबडतोब या!

पोचलो तेव्हा भट्टी विझवलेली, गिरणी बंद. बॉयलरवाला भिका पांढराफटक चेहरा करून पायरीवर बसलेला. “दाबना काटा लाल रेघना पुढे गया, नाना!” एवढंच बोलला.

नाना शिडीवर चढले. जुन्या व्हॉल्व्हची लिव्हर उचलून पाहिली. हलेना. दोन्ही हात लावले, तरी हलेना. तो केव्हाचा जाम होऊन बसला होता. सगळी वाफ बाहेर काढली होती ती एकट्या दुसऱ्या व्हॉल्व्हनं. गिरणीत त्या वेळी आठ माणसं काम करत होती.

नाना खाली आले आणि भिकाशेजारी बसले. एवढ्यात शेठ आले. नानांनी बसल्या बसल्याच हात जोडले. “शेठ, देवाची कृपा!”

“कसली कृपा?” शेठ कडाडले. “कानठळ्या बसल्या, माणसं पळाली, दिवस बुडाला! काढून न्या तो तुमचा नमुना!”

मग जुन्या व्हॉल्व्हकडे मायेनं बोट दाखवून म्हणाले, “आणि द्यायचाच असेल, तर असा द्या! दहा वर्षं झाली, कधी हूं नाही की चूं नाही!”