निवडुंगाचं बोंड

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावची तालीम बंद पडायची वेळ आली, ती मातीमुळे. आखाड्याच्या मातीला पाणी लागतं, ताक लागतं, तेल लागतं. इथं बायका आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. माती वाळून तिची ढेकळं झाली. अंग टाकलं की कातडी सोलून निघायची. आणि कुस्ती करायची म्हणजे खुराक हवा. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन कोण कुणाला चीत करणार?

एके संध्याकाळी वस्तादांनी आम्हा सगळ्यांना तालमीच्या ओट्यावर बसवलं. वस्ताद तरुणपणी, निजामाच्या राज्यात, कुणा जहागीरदाराकडे पहाऱ्याला होते. त्यांचं बोलणं निम्मं दखनी, निम्मं आमच्यासारखं.

"कुस्ती को दूध होना," ते म्हणाले. "हाय का कुणाच्या घरात दूध? न्हाय. मंग आता पट्टा शिका. पट्ट्याला नुसता घाम लागतो."

गावात दांडपट्टा एकच होता, त्यांचा. दोन हातभर लांब, लवलवतं पातं, आणि हात कोपरापर्यंत आत जाईल अशी लोखंडी खोळ. तो त्यांच्या घरी खुंटीला असे आणि दसऱ्याशिवाय खाली उतरत नसे. आता तो कुणाला तरी मिळणार होता. वस्तादांचे गुडघे गेले होते. चैत्रातल्या जत्रेत पालखीपुढं पट्टा खेळायची त्यांच्या घराण्याची चाल होती, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. ते म्हणाले, "जो सफाईनं खेळंल, पट्टा त्याचा."

मी तेव्हा विशीतला, तालमीतला सगळ्यात वजनदार पैलवान. पट्टा माझाच होणार हे मी त्याच क्षणी धरून चाललो. दुसरं कुणी असेल असं मनातही आलं नाही.

दुसरा माझ्याच घरात होता. माझा आतेभाऊ. मुरुम गावाकडच्या त्यांच्या शेतातली विहीर आटली तेव्हा आत्यानं त्याला आमच्याकडे पाठवलं, कारण आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. माझ्याहून वर्षानं लहान, अंगानं काटकुळा. तालमीत तो कधी उतरलेला नव्हता. सगळे जातात म्हणून आला, एवढंच.

पेरणीच नव्हती, त्यामुळे सोसायटीचं गोदाम रिकामं होतं. खत नाही, बियाणं नाही, उंदीरही निघून गेलेले. चेअरमननी किल्ली दिली आणि तिथं आमचं शिक्षण सुरू झालं. दिवसभर तलावावर माती उपसायची, आणि उन्हं उतरली की गोदामात. पहिले बरेच दिवस हातात काहीच नव्हतं. वस्ताद राखेनं जमिनीवर चौक आखायचे आणि त्यावर नुसते पाय टाकायला लावायचे. पुढं, मागं, तिरपं, गिरकी. राख विस्कटता कामा नये. मग काठी. मग फरी-गदगा, म्हणजे चामड्याची ढाल आणि चामडं गुंडाळलेला सोटा. एक जमल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

माझे पाय पैलवानाचे, जमीन धरून उभे राहणारे. मी पाऊल टाकलं की राखेचा लोट उठे.

"पैलवान," वस्ताद ओरडायचे, "जमीन पळून चालली का? सोड तिला!"

सगळे हसायचे. आतेभाऊ मात्र हसायचा नाही. तो चौकावरून असा फिरायचा की राखेवर नुसती बोटांची टोकं उमटायची. पाठीमागं वाळूचं पोतं टांगलेलं असे, त्यावर बांबूच्या पट्टीनं वार करायचे. माझा वार पोत्यात रुतायचा. त्याचा वार पोत्याला चाटून परत यायचा, आणि वस्ताद डोळे मिटून तो आवाज ऐकायचे. "हौ," एवढंच म्हणायचे. त्या एका शब्दासाठी मी काय दिलं नसतं!

फरी-गदग्याला त्यांनी आम्हा दोघांची जोडी लावली. मी अंगावर जायचो आणि तो तिथं नसायचा. सोटा माझ्या बोटांच्या पेरांवर बसायचा. लगेच तो थांबायचा.

"दादा, लागलं का?"

त्या मारापेक्षा तो प्रश्न मला जास्त लागायचा. मी म्हणायचो, "खेळ गप."

घरीही तेच. आई तव्यावरची मऊ भाकरी त्याच्या ताटात टाकायची. मी एकदा बोललो, तर म्हणाली, "पाहुणं लेकरू हाय रं. तुला काय कमी हाय?" मी उठायच्या आत तो आईची घागर घेऊन विहिरीवर गेलेला असायचा. त्याच्यात खोट काढावी म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून असे, आणि खोट सापडत नसे. चोरी करणारा, खोटं बोलणारा, उर्मट असता तर त्याचा राग करायला मला काही आधार तरी मिळाला असता.

एका सुट्टीच्या दुपारी मी एकटाच गोदामात गेलो आणि पोत्यावर तुटून पडलो. पत्रा तापलेला, आत भट्टी झालेली. मारता मारता पोतं उसवलं आणि वाळू पायावर सांडली. संध्याकाळी वस्तादांनी ती वाळू पायानं सारली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मारलं लई. शिकला न्हाय."

पट्ट्याचा खरा कस लिंबावर लागतो. एकानं तळहातावर लिंबू धरायचं, दुसऱ्यानं वरून वार करून ते दुभंगायचं आणि पातं कातडीवर थांबवायचं. त्या साली लिंबं होती कुठं? आमच्या न्हाणीच्या पाण्यावर एक लिंबोण जगली होती, पण न्हाणीतच पाणी जात नव्हतं. शेवटची दोन लिंबं आईनं जत्रेसाठी राखून ठेवली होती. म्हणून वस्तादांनी निवडुंगाची लाल बोंडं आणवली. त्यांची बारीक कुसं विस्तवावर जाळून घ्यायची, तरी एखादं तळव्यात शिरायचंच.

धरणाऱ्यासाठी वस्तादांचा नियम एकच होता. "बोंडाकडं बघायचं न्हाय. हाताकडं बघायचं न्हाय. खेळणाऱ्याच्या डोळ्यात बघ. तू हललास तर हात तुझा जाईल, आबरू त्याची."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. हात तुझा, आबरू त्याची.

जत्रा तोंडावर आली. गावानं ठरवलं होतं, यंदा बकरं नाही, तमाशा नाही, फक्त पालखी आणि तिच्यापुढं पट्टा. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी गोदामात वस्तादांनी शेवटपर्यंत टिकलेल्या आम्हा दोघांची परीक्षा ठेवली. तलावावरून सुटलेली माणसं तशीच अंगावर माती घेऊन आली होती. दारात बायका उभ्या होत्या, त्यांत आई. पहिल्यांदा आतेभाऊ वार करणार, मी बोंड धरणार. मग मी वार करणार, तो धरणार. वस्तादांनी पट्टा खुंटीवरून आणला होता. पात्याला तेल लावलेलं होतं. इतकं तेल त्यांनी कुठून आणलं असेल?

मी गुडघ्यावर बसलो आणि हात पुढं केला. आतेभावानं खोळीत हात घातला. त्याचा हात इतका बारीक, की आत चिंधी कोंबावी लागली.

कुणीतरी मागून म्हणालं, "पैलवान, नखं कापायची आसतील तर आत्ताच सांग!"

हशा झाला. आतेभाऊ हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. तो हळूच मला म्हणाला, "दादा, भ्या वाटतंय."

"मार," मी म्हणालो.

मी त्याच्या डोळ्यात बघत राहिलो. आता जे सांगतो आहे ते मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तेव्हा माझ्या मनात भीतीचा लवलेश नव्हता. मला हवं होतं की पातं घसरावं. एक बोट जावं, दोन जावीत. सगळ्या गावासमोर त्याच्या हातून माझं रक्त सांडावं, आईनं ते पाहावं, वस्तादांनी पट्टा त्याच्या हातातून ओढून घ्यावा. मी हललो असतो तर ते सगळ्यांना दिसलं असतं आणि दोष माझा झाला असता. म्हणून मी दगडासारखा स्थिर राहिलो. पट्टा फिरला, डोक्यावर सळसळला आणि खाली आला.

गर्दीतून "अगं आई!" असा आवाज आला. माझ्या हातावरून लाल धार मनगटाकडे चालली होती.

मी हाताकडे पाहिलं, ते आशेनं पाहिलं.

बोंडाची दोन शकलं तळव्यावर पडली होती. लाल होता तो रस. कातडीवर केसाएवढा ओरखडासुद्धा नव्हता.

गोदाम टाळ्यांनी दणाणलं. आतेभाऊ खोळ काढायचीही विसरला, तसाच येऊन माझ्या पायाशी बसला. "दादा, तुझ्या डोळ्यात बघितलं न् माझं भ्याच गेलं," तो म्हणाला. तो रडत होता. वस्ताद पुढं आले, माझा तो लाल हात त्यांनी वर उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"खेळणारे लई मिळतात," ते म्हणाले. "असा धरणारा न्हाय मिळत."

आई पदरानं डोळे पुसत होती. वस्तादांकडून मला कधी शाबासकी मिळाली असेल तर ती हीच.

मग माझी पाळी. आतेभाऊ गुडघ्यावर बसला. हात पुढं केला, बोंड ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काही म्हणजे काही नव्हतं. शंका नाही, भीती नाही. लहान मूल आईकडे बघतं तसा तो बघत होता. मी पट्टा उचलला. पातं सरळ उभं राहिलं, पाय राखेवर पहिल्यांदाच हलके पडले. त्या दिवशी माझा वार बसला असता, असं मला अजून वाटतं. पण माझा हात कशावर वार करणार याची मला खात्री नव्हती. आत्ताच, घटकाभरापूर्वी, माझ्या मनानं काय मागितलं होतं ते मला माहीत होतं. ते मन आता माझ्या हाताबरोबर त्या खोळीत होतं.

मी पट्टा खाली ठेवला.

"पट्टा त्याचाच हाय," मी म्हणालो. "आता कशाला परीक्षा?"

पुन्हा टाळ्या. म्हातारी माणसं म्हणाली, "भाऊ आसावा तर आसा." वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून पट्टा उचलला आणि त्याचं पातं स्वतःच्या धोतरानं पुसलं. त्यांना कळलं होतं का? पुढं ते पंधराएक वर्षं जगले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालखीपुढं आतेभाऊ पट्टा खेळला. आईची दोन्ही लिंबं त्यानं माझ्याच हातावर कापली. लोक त्याला बघत होते. मीही बघत होतो.

त्यानंतर दुष्काळ सरला. सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आतेभाऊ तिथं नोकरीला लागला आणि आमच्याच गावचा झाला. मी सोसायटीचा सचिव झालो. दर हंगामाला कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या आधी तो पट्टा खेळतो आणि मी खुर्चीवर बसून बघतो. त्याचे केस पिकले, पण पाय तसेच आहेत. कुणी पाहुणा आला की तो माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "आमचा दादा. सगळ्या गावाम्होरं हात पुढं केला, पापणी हालली न्हाय याची. पट्टा याचा व्हता, मला दिला." मी मान खाली घालतो. लोकांना ती नम्रता वाटते. मला त्याचा हेवा अजून वाटतो, पट्ट्याचा नाही, दुसऱ्याच गोष्टीचा. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एक वाईट विचार त्याच्या मनाला शिवला नाही. इतकं हलकं मन घेऊन माणूस झोपत कसा असेल?

गेल्या चैत्रात तो सकाळीच घरी आला. त्याचा मोठा मुलगा पट्टा शिकतो आहे. अंगानं बापासारखाच.

"दादा, पोराचा पहिला वार हाय आज," तो म्हणाला. "धरायला तूच पायजे. लिंबं ढीगभर हायत, पर म्या मुद्दाम बोंड आणलंय."

मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि गेलो. गोदाम तेच, आता खताच्या पोत्यांनी भरलेलं, म्हणून अंगणात चौक आखला होता. मी गुडघ्यावर बसलो. पोरगा समोर उभा राहिला, कपाळावर घाम. तो म्हणाला, "काका, भ्या वाटतंय."

मी हात पुढं केला. बोंड तळव्यावर ठेवलं आणि माझा हात थरथरू लागला. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी थांबेना. बोंड घरंगळून राखेत पडलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं.

"दादा आता म्हातारा झाला!" आतेभाऊ मोठ्यानं हसला आणि सगळे हसले. त्यानं मला हाताला धरून उठवलं, माझ्या जागी स्वतः बसला आणि आपला हात पोरापुढं केला.

मी त्याच्या मागं उभा राहिलो. पातं खाली येईपर्यंत मी त्याच्या तळव्यावरून नजर काढली नाही. बोंड दुभंगलं. त्याच्या मनगटावरून लाल रस ओघळला, आणि मी पुढं होऊन तो माझ्या उपरण्यानं पुसला. पुसून झाल्यावरही कातडी तपासून बघितली.

"काय बघतो दादा?" तो म्हणाला. "रस हाय."

"व्हय," मी म्हणालो. "बघतो जरा."