एका झाडापुरती जागा

गोपाळअण्णा झाडाची मुळं तपासायचे. आपण रोप लावतो, पाणी घालतो आणि वाट बघतो. अण्णा पंधरवड्याने तेच रोप मातीतून उपसायचे, मुळांवरून बोट फिरवायचे आणि पुन्हा पुरायचे. बनशंकरीत त्यांच्या समोरच्या घरात मी राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी ते चिकूचं रोप उलटं धरून रस्त्यात उभे होते. ओळख ना पाळख, थेट म्हणाले, "बघा की, पांढरं मूळ एक तरी दिसतंय का?" मी म्हटलं, "जमिनीत राहू दिलंत तर दिसेल." ते त्यांना अजिबात पटलं नाही.

मूळचे बेळगावचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात, तेही तपासणी खात्यात, उभा जन्म गेलेला. "तपासल्याशिवाय पास कसं करायचं हो?" हे त्यांचं पालुपद. आमटीपासून आमच्या मुलीच्या स्थळापर्यंत सगळ्याला तेच लागू. निवृत्त झाल्यावर घर बांधलं आणि फाटक नि पायरीच्या मध्ये मातीचा एक चौकोन राखला, एका झाडापुरता. राखला तो सुमनअक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. क्वार्टर्समध्ये आयुष्य काढलेल्या त्या बाईने नवऱ्याकडे एवढंच मागितलं होतं, "एकदा आपल्या दारचं फळ खाऊ दे, मग डोळे मिटले तरी चालेल."

आणि हा गृहस्थ ठरवायला बसला! बसला म्हणणंही चूकच, अण्णा कधी बसत नसत. येरझारा घालता घालता झाडं नापास करायचे. फणस नको, पाया उचकटेल. आंब्याला फार वर्षं. बटर फ्रूट, म्हणजे अवोकाडो, एकट्याने फळ धरेल याची खात्री नाही. तुती लावली. तिने बिचारीने तपासणी सोसूनही पहिल्या वर्षीच फळं धरली, पण ती पिकण्याआधीच शेजारच्या पांढऱ्या गाडीवर डाग पडतील म्हणून अण्णांनी तीही काढली. मग कुंड्यांत रसभरी झाली, तिच्यामागे स्ट्रॉबेरी. दर रविवारी मला रिक्षात घालून नर्सरीत न्यायचे. मी वैतागून एकदा म्हणालो, "अण्णा, पोरीचं लग्न यापेक्षा लवकर जमलं." ते म्हणाले, "लग्न मोडता येतं. झाड एकदा धरलं की धरलं." अक्का पायरीवर भाजी निवडत हे ऐकायच्या आणि निवडलेली भाजी घेऊन आत जायच्या.

शेवटी अंजीर लावलं. तेही पहिल्या काही महिन्यांत दोनदा उपसून झालं. मग अक्कांना कावीळ झाली असं वाटलं आणि निघालं भलतंच. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. अण्णांना मातीकडे बघायला सवड उरली नाही, तेव्हा कुठे त्या झाडाने जीव धरला. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, त्या दिवशी फांद्यांवर हिरवी, टणक फळं होती.

अण्णांची तगमग मला बघवेना. "पिकायला किती दिवस लागतील?" हे त्यांनी मला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, सलाइन लावायला येणाऱ्या नर्सला विचारलं. अक्का दोन चमचे पेजेवर आल्या होत्या. नर्सरीवाल्याने फोनवर उपाय सांगितला, फळाच्या तोंडाशी तेलाचं बोट लावा, लवकर पिकेल. वर कानडीत म्हणाला, "आमेले सुम्मने इरी, सार." नंतर गप्प बसा म्हणे! अण्णांनी त्यातल्या त्यात मोठ्या अंजिराला तेल लावलं, पाखरांसाठी मलमलची पिशवी बांधली आणि खुर्ची टाकून समोर बसले. हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मला त्यांचं हसू यायला हवं होतं, पण आतून तुटत होतं.

फळ पिकलं. अण्णांनी ते चमच्याने कुस्करून अक्कांच्या जिभेवर ठेवलं. मी आणि माझी बायको दारात उभे होतो. अक्कांनी डोळे मिटून बराच वेळ ते तोंडात घोळवलं.

"गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "पण मला पेरू हवा होता."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्या हसल्या. अण्णाही हसले आणि मग त्यांना रडू आवरेना. त्याच आठवड्यात अक्का गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एकच सांगत होते, "जगभर विचारत फिरलो. तिला तेवढं विचारायचं राहिलं."

दिवसकार्य आटोपल्यावर ते पेरूचं रोप घेऊन आमच्या फाटकाशी आले. त्यांच्या चौकोनात अंजीर होतं आणि अक्कांनी चाखलेलं झाड काढायला त्यांचा हात धजत नव्हता. "तुमच्याकडे लावू या. मला समोरून दिसेल," म्हणाले. मी कुदळ आणायला वळलो. त्यांनी मला थांबवलं आणि माझ्या बायकोला हाक मारली.

"वहिनी, तुम्हाला पेरू आवडतो ना?"

"आवडतो की, अण्णा. लावा ना," मीच म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं."

माझी बायको गोंधळली. त्या रोपाकडे बघून खोटं बोलणं तिला अवघड नव्हतं. पण अण्णा इतके टक लावून वाट बघत होते, की ती हळूच म्हणाली, "मला डाळिंब आवडतं."

अण्णांनी मान डोलावली. वाद नाही, प्रश्न नाही. पेरूचं रोप काखेत मारलं आणि नर्सरीला जायला रिक्षा थांबवली.