रिकामी ठरवलेली बबल मेमरी

डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरून भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात आला तो झाडू मारायला. पण पहिल्या इंजिनीअरने त्याला आकड्यांच्या हुकमावर धातू कापणाऱ्या जुन्या सीएनसी लेथवर उभा केला, तो तीस वर्षं तिथंच. माणसाचं लग्नसुद्धा एवढं शांततेत टिकत नाही.

त्या लेथची सगळी अक्कल एका चपट्या धातूच्या डबीत. आत पातळ पापुद्रा, त्यावर चुंबकाचे अतिसूक्ष्म बुडबुडे. कुठे बुडबुडा आहे, कुठे नाही, यावरून मशीन आपले आकडे वाचतं. म्हणून ही बबल मेमरी. आजच्या मोबाईलचा एक फोटोही त्यात मावायचा नाही. पण वीज जावो, वर्ष उलटो, बुडबुडे जागचे हलत नाहीत.

छपराचे पत्रे बदलायचे म्हणून शेड आठ महिने बंद राहिली. उघडली तेव्हा नवे साहेब आले. त्यांनी लेथच्या कंट्रोलचं कपाट उघडलं, डोकावले आणि म्हणाले, "बॅटरीच नाही. मेमरी केव्हाच उडाली. भंगारात काढा." अहवालातही त्यांनी 'मेमरी रिकामी' असं लिहिलं.

"सायेब, हिला बॅटरी लागतच नाय," भगीरथ म्हणाला.

"काका, तुम्ही उद्यापासून पॅकिंगला."

खोक्यांना चिकटपट्टी लावायची! भगीरथची कानशिलं तापली. पण त्याला जास्त झोंबलं ते दुसरंच. मेलं की नाही बघायला निदान नाडी तरी धरतात. इथं बटणही न दाबता मर्तिकाचा कागद तयार, आणि भंगारवाल्याचा ट्रक फाटकात.

तो तडक वायरमन सुदामकडे गेला. "लाइन जोड रे."

"साहेबांनी सांगितलंय?"

"सायेबांना काय ठाऊक असतं तर सांगितलं असतं."

सुदामने हसत लाइन जोडली. हिरवा पडदा उजळला. एकेक आकडा जसाच्या तसा. आठ महिन्यांपूर्वीचा शेवटचा प्रोग्रामसुद्धा. भगीरथने चकच्या फिरत्या पकडीत सळई धरली, बुशचं पोकळ कडं कापलं, मायक्रोमीटर लावून माप घेतलं आणि गरम बुश नेऊन साहेबांच्या टेबलावर, त्या अहवालावरच ठेवला.

"मोजा."

साहेबांनी मोजला. दोनदा. मग म्हणाले, "असेल बरोबर. पण रिपोर्टची प्रत गेलीय वर. मशीन बंद करा, ट्रक थांबलाय."

"मी नाय करणार. तुमी मेलेली म्हणून लिवलीत ना? मग तुमीच करा बंद."

साहेब अहवाल हातात घेऊन तावातावाने लेथपाशी आले. बटणांवरून त्यांचं बोट फिरलं, एकदा वर, एकदा खाली. सुदाम छताचे नवे पत्रे न्याहाळत होता. पॅकिंगच्या बायका हातातलं काम सोडून आल्या. ट्रकवाला आत आला, फिरतं चक पाहिलं आणि म्हणाला, "चालू मशीन आमी नाय उचलत, सायेब. उद्या चोरीचा आळ आमच्यावर."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि अहवालातली 'मेमरी रिकामी' ही ओळ खोडली.

"सही पन करा खाली," भगीरथ म्हणाला, आणि दुसरी सळई घ्यायला वळला.