वर्तुळात सांगितलेलं

नववीत असताना शाळेनं आम्हा मुलींसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं. बदनापूरच्या बाहेर एका मंगल कार्यालयात. संकटात मन घट्ट कसं ठेवायचं हे शिकवायला शहरातून एक ताई आल्या होत्या. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी आम्हाला एकमेकींच्या हाताला धरून चालायला लावलं, राग कागदावर लिहून तो फाडायला लावला. घाबरल्यावर घ्यायचा श्वास शिकवला. डाव्या हाताची बोटं पसरायची आणि उजव्या हाताचं बोट त्यांच्यावरून फिरवायचं. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. आम्हाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोल बसलो. जिच्या हातात लोकरीचा गुंडा येईल तिनं मनातलं एक दुःख सांगायचं. आधी सगळ्यांनी शपथ घेतली, इथलं बोलणं इथंच राहील. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मला गणिताची भीती वाटते. एकदोघी हसल्या. मग गुंडा माझ्या शेजारणीकडे गेला.

ती आणि मी तीन वर्षं एका बाकावर बसत होतो, एका डब्यात जेवत होतो. तिची आई वारलेली आहे, असं तिनं मला पाचेक वेळा तरी सांगितलं होतं. गुंडा मांडीवर ठेवून ती म्हणाली, "माझी आई मेली न्हाई. सोडून गेली. जालन्यात ऱ्हाते. मागं स्टँडवर दिसली तं मी हाक मारली. तिनं पदर पुढं ओढला अन् तोंड फिरवलं."

सगळ्या रडायला लागल्या. ताईंनी तिला जवळ घेतलं. शिबिर संपताना सगळ्यात धीट मुलगी म्हणून टाळ्या तिच्यासाठी वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. तीन वर्षं माझ्याशी खोटं बोलली आणि खरं मात्र चाळीस जणींसमोर सांगितलं, याचा मला राग आला होता. तेव्हा मी त्याला राग म्हणत होते. त्यात मत्सर किती होता, ते आता कळतं.

सोमवारी ती वर्गात आली तशी मी ओढणी डोक्यावर घेतली, कपाळावर ओढली आणि तोंड फिरवलं. ती कल्पना माझीच. आठवड्याभरात निम्म्या मुली तसं करायला लागल्या. ती पाणी प्यायला निघाली की नळाजवळच्या मुली ओढण्या पुढं घ्यायच्या. मुलांना अर्थ कळत नव्हता, तरी तेही हसायचे. तिनं मला एकदाच विचारलं, मी तुझं काय केलं. मी बाक बदलला.

ती रडत नव्हती म्हणून मला आणखी चेव आला. एका शुक्रवारी मी तिच्याजवळ गेले, आवाज मऊ केला आणि सांगितलं, "तुझी आई दिसली मला जालन्याच्या स्टँडवर. तुला विचारून राह्यल्ती. उद्या बारा वाजता अंबडच्या गाड्या लागतात तिथं ये म्हणली."

 तिनं विचारलं, "खरंच इचारलं?"

मी म्हणाले, बिलकुल खरं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि आणखी दोघी जीपनं जालन्याला गेलो. स्टँडच्या कँटीनमध्ये खिडकीजवळ बसलो. ती आली तेव्हा दिवाळीचा ड्रेस घातलेला, केस तेल लावून विंचरलेले, हातात डबा. अंबडच्या फलाटावर उभी राहिली. प्रत्येक उतरणाऱ्या बाईचं तोंड बघायची. एका हिरव्या साडीतल्या बाईच्या तर मागं मागं गेली, समोर जाऊन बघितलं आणि परत जागेवर आली. आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. तासाभरानं एक मैत्रीण म्हणाली, चल, जाऊन सांगू. मी तिला बसवून ठेवलं. शेवटी दोघी कंटाळून निघून गेल्या. मी थांबले. मला शेवट बघायचा होता.

चार वाजता ती वळली आणि खिडकीत मी दिसले. तिला सगळं कळलं. ती माझ्याकडे आली नाही. डबा खाली ठेवला, डावा हात पसरला आणि उजवं बोट त्याच्यावरून फिरवायला लागली, वर, खाली. पाच बोटं झाली की पुन्हा पहिल्यापासून. मग डबा उचलला आणि बदनापूरच्या गाडीत चढली.

दोन महिन्यांनी ताई परत आल्या. शिबिराचा काय उपयोग झाला, विचारलं. मुलींनी गोड गोड सांगितलं. मग ती उठली. "इथलं इथं न्हाई राह्यलं, ताई. माझ्या आईवरून मला रोज चिडवतेत. तुमचा तो श्वास तेवढा कामाला आला." स्टँडचंही तिनं सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं.  तिनं माझ्याकडे बघितलं, पण नाव घेतलं नाही. मुख्याध्यापकांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि संध्याकाळी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. पोरगी शाळेचं नाव खराब करते म्हणाले. त्यातूनच वडिलांना कळलं, की ती आईला भेटायला गेली होती. त्यांनी दाखला काढला आणि तिला अंबडला आत्याकडे टाकलं.

मी आता जाफराबादकडच्या एका शाळेत शिकवते. आठवड्याचा एक तास मुलांच्या मनाचं बोलण्यासाठी असतो आणि तो माझ्याकडे आहे. मध्यंतरी एक मुलगी भर वर्गात घरचं सांगायला लागली. मी तिला तोडलं, म्हटलं, नंतर एकटी ये. ती आली नाही. पुन्हा कधीच काही बोलली नाही.

तिनं शाळा सोडल्यावर नऊ वर्षांनी ती मला बदनापूर स्टेशनवर भेटली. अंबडच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करते म्हणाली. वडील आजारी होते, त्यांना बघायला आली होती. दाखला काढल्यावर वडील तिची शाळा बंदच करणार होते. दुसऱ्याच आठवड्यात ताई अंबडला गेल्या, तिची माफी मागितली, आत्याला समजावलं, पुढं वर्षभर दर महिन्याला येत राहिल्या. त्यांनी ते गोल बसणंही बंद केलं म्हणे, आता एकेकीशी वेगळं बोलतात. हे ती शांतपणे सांगत होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, माझं चुकलं, मला माफ कर.

तिनं हात सोडवून घेतला. "माफ केलं तं तुला हलकं वाटंल. मला काय? राहू दे तुझ्याजवळ."

मग तिनं मला विचारलं, लग्न झालं का, शाळेतली नोकरी कायम झाली का. मी उत्तरं दिली. जालन्याची पॅसेंजर आली. ती बायकांच्या डब्यात चढली. मलाही जालन्यालाच जायचं होतं, पण मी बाकावरून उठले नाही.