दोनदा म्हटलेली ओळ

मला पाश्चात्य स्वरलिपी वाचता येत नाही, हे जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या गायकवृंदात सात वर्षं कोणालाही कळलं नव्हतं. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात आम्ही तीसेक जण जमायचो. मी खर्जवाल्यांच्या रांगेत उभा राहायचो, कागद नीट समोर धरायचो आणि कान मात्र शेजाऱ्याकडे लावायचो. हा शेजारी आयुष्यभर भिंगं घासून निवृत्त झालेला कारागीर. त्याने श्वास घेतला की मी घ्यायचो, त्याचा सूर लागला की पाठोपाठ माझा. माझा कान तयार आहे, त्याबद्दल उगाच नम्रपणा दाखवणार नाही. सांगलीला ज्या मास्तरांकडे शिकलो, ते वहीला हात लावू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे आणि आम्ही तसंच्या तसं उचलायचो. त्यांनी मध्येच घसा खाकरला, तर आम्हीही मनातल्या मनात खाकरून घ्यायचो.

त्या हिवाळ्यात आमच्या संचालिकेने इझोरियन लोकांची गाणी बसवायला घेतली. फिनलंडच्या आखाताच्या काठावरचे, पण रशियाच्या हद्दीतले हे लोक. त्यांची भाषा फिनिशच्या नात्यातली, पण ती बोलणारे आता फार थोडे उरलेत, आणि तेही म्हातारे. गाण्याची त्यांची रीत अशी की एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तिचं शेपूट पकडायचं आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची. भावाच्या होडीची वाट बघणाऱ्या बहिणीचं एक गाणं होतं. त्यात पुढे होऊन ओळ म्हणायचं काम संचालिकेने मला दिलं.

"उच्चार तुझेच सगळ्यांत स्वच्छ आहेत," ती म्हणाली. मला आश्चर्य वाटलं नाही. जर्मन माणूस प आणि त म्हणताना त्यांच्याबरोबर फुस्सकन हवा सोडतो. आपला प कोरडा असतो, आणि त्या भाषेलाही कोरडाच लागतो.

"आल्झो, तर मग, एक अट," ती पुढे म्हणाली. वायमारला एक वयस्कर बाई राहतात, त्यांची आई इझोरियन होती. कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी त्या तालमीला येतील. त्यांनी होकार दिला तर मी गायचं, नाहीतर ते काम दुसऱ्याकडे जाईल. मला ते काम हवंच होतं. सात वर्षांत चार लोकांसमोर एकटा असा मी गायलो नव्हतो.

पण एकट्याने म्हणायचं म्हणजे शेजारी कान लावायला कोणी नाही. मग ज्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून ते गाणं घेतलं होतं, तेच मी मागून घेतलं. एक बाई एकटीच गातेय, मागे कोंबड्यांचा आवाज. तीन आठवडे मी ते ऐकत होतो, भांडी घासताना, ट्राममध्ये, दाढी करताना. बुधवारी तालमीत माझ्या ओळी संचालिका स्वतःच म्हणायची, कारण मला सर्दी झाली होती. ती सर्दी सोयीने तीन आठवडे टिकली.

ऐकून ऐकून बायकोलाही गाणं पाठ झालं. एक दिवस ती म्हणाली, "अहो, त्या बाई तिसरी ओळ दोनदा म्हणतात. विसरल्यात त्या पुढचं. तुमच्या कागदात बघा, एकदाच आहे."

"विसरल्या नाहीत. ती मुद्दाम घेतलेली जागा आहे," मी ठसक्यात म्हणालो. "कागद लिहिणाऱ्याने घाईत ऐकलं असेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर. जर्मनीत घाईत काम करणारा एवढा एकच माणूस निघाला," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

शनिवारी वायमारच्या बाई आल्या. करडा स्वेटर, हातात थर्मास. पहिल्या रांगेत बसल्या. मी पहिली ओळ म्हटली, मागून सगळ्यांनी उचलली. दुसरीही छान गेली. तिसरी झाली, आणि मी तिसरीच पुन्हा धरली. बाकीचे कागदाप्रमाणे चौथीची वाट बघत होते. काही माझ्या मागे आले, काही तसेच पुढे गेले, काही गप्प झाले.

संचालिकेने हात वर करून थांबवलं. "तू कितव्या टाक्टमध्ये आहेस?" टाक्ट म्हणजे त्या स्वरलिपीतला एकेक खण.

"तिसऱ्या ओळीत."

"ओळ नको. टाक्ट सांग."

मी कागदाकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. "मला हे वाचता येत नाही," मी म्हणालो. इतकी वर्षं जपलेलं पितळ दोन सेकंदांत उघडं पडलं. माझे कान तापले. शेजारचा कारागीर मात्र खो खो हसायला लागला. "तरीच सात वर्षं माझ्या अंगावर रेलून उभा असतोस!"

संचालिका हसली नाही. ती बाईंकडे वळली. "आता तुम्हीच सांगा. ही ओळ एकदा की दोनदा?"

बाईंनी हातातला थर्मास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी हे गाणं कधी ऐकलेलंच नाही."

आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं, की शाळेत आपल्या मुलींना कोणी हसू नये म्हणून आई घरात फक्त रशियन बोलायची. स्वयंपाकघरात एकटी असली की गुणगुणायची, मुली आत आल्या की गप्प व्हायची. आईच्या भाषेतले पाचसहा शब्दच त्यांना येत होते. "मी तुम्हाला तपासायला आले नाही, ऐकायला आले," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्राच्या उत्तरात तसं लिहिलं असतं तर तुम्ही बोलावलं नसतं."

संचालिकेने कानामागची पेन्सिल काढली. "तिसरी ओळ दोनदा. सगळ्यांनी लिहून घ्या," ती म्हणाली. "ध्वनिमुद्रणातली ती बाई विसरली असेल, नसेलही. विचारायला ती आता हयात नाही. ती गायली तसंच आपण गाऊ." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पुढे तूच म्हणायचं. आणि दर बुधवारी अर्धा तास आधी यायचं, वाचायला शिकायला." मी मुकाट्याने मान हलवली. आतून मात्र मी नाचत होतो.

मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ आल्या. थर्मासच्या झाकणातला चहा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मला शिकवाल का? निदान पहिल्या दोन ओळी."

आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो. मी एक तुकडा म्हणायचो, त्या म्हणायच्या. पहिली ओळ त्यांना पटकन आली. दुसऱ्या ओळीत एक स्वर लांब धरायचा होता, तो त्यांनी तोकडा सोडला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तोकडा. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा इतका खुलला होता, की चूक दाखवायला माझी जीभ रेटेना. मी सांगलीचा. त्या भाषेचं एक वाक्य मला बोलता येत नाही. आणि मी या बाईंना त्यांच्या आईच्या भाषेतला उच्चार चुकला म्हणून सांगणार? मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. छान झालं म्हणावं आणि विषय संपवावा, असं मनात आलं.

पण मी तसं म्हटलं असतं, तर त्या तोकडाच स्वर घेऊन वायमारला गेल्या असत्या, आणि तिथे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "हा लांब आहे. परत म्हणा."