आधी लीद, मग सूनबाई

लग्न होऊन मी अमरावतीला आले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी आधी घोड्याची लीद घरात घेतली आणि मग मला. टांगा दारात थांबलेला, आम्ही दोघं उंबऱ्यापुढे उभे, आणि सासूबाईंच्या हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. तेवढ्यात टांग्याच्या घोडीनं शेपूट उचललं. सासूबाईंनी भाकरतुकडा नणंदेच्या हातात दिला, भिंतीशी पालथी घातलेली टोपली उचलली आणि नवं कोरं लुगडं वर खोचून त्या थेट घोडीच्या मागे गेल्या. माझी मावशी पाठराखीण म्हणून बाळापूरहून आली होती. ती म्हणाली, "अवं इहीनबाई, नवरी ताटकळली ना!" मान वर न करता सासूबाई म्हणाल्या, "नवरी काय पळून चालली का? हे मात्र चाकाखाली गेलं म्हंजे गेलं."

आमचं घर गावाबाहेर, नांदगाव पेठेच्या रस्त्याला लागून. मागे विहीर आणि भाजीचा मळा. जमीन काळीभोर, कापसाला उत्तम. पण भाजीच्या बाबतीत मोठी हट्टी. पाणी दिलं की पायाला चिकटायची, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा. तिला मऊ करावं ते घोड्याच्याच खतानं, यावर सासूबाईंची श्रद्धा होती. गाईबैलांचं शेण त्या चुलीला आणि सारवणाला देत. "बैल रवंथ करते, समदं पचवून टाकते," त्या सांगत. "घोडं घाईत खाते, अर्धं तसंच टाकते. ते अर्धं आपल्या वांग्याचं." हे ज्ञान त्या कोणालाही देत, अगदी पंगतीत पहिला घास तोंडाशी नेलेल्या पाहुण्यालाही. पाहुणे आमच्याकडे फार दिवस राहत नसत.

ताजी लीद मात्र त्या रोपाच्या जवळपास फिरकू देत नसत. खड्ड्यात लिदीचा थर, त्यावर पालापाचोळा, पुन्हा लीद. थंडीच्या दिवसांत पहाटे खड्ड्यातून वाफा निघत. "ताजी लीद म्हंजे तापलेला मानूस," त्या म्हणत. "त्याच्यापाशी काही लावाले जाऊ नये, जळून जाते." एकदा माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं. मी रडत सासूबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओसरीवर फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मुलाकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे वं. अजून ताजा हाय."

रस्त्यावरून टांगे भरपूर जायचे, पण जायचेच. थांबत नसत. मग एक दिवस कादरभाई टांगेवाल्यांनी सासूबाईंना सांगितलं, की घोडं पाणी प्यायलं की घटकाभर उभं राहतं आणि उभं राहिलं की मोकळं होतं. महिन्याभरात रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली दगडी हौद उभा राहिला. टांगे थांबू लागले, टोपल्या भरू लागल्या. पुढे देवळातल्या कीर्तनात बुवांनी मुक्या जनावरांची तहान जाणणाऱ्या एका माउलीचा गौरव केला. सगळ्या बायका वळून आमच्याकडे पाहू लागल्या. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी तोंडात पदर कोंबला, तर त्यांनी कोपरानं अशी ढुसणी दिली की माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मग एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. मोट निम्मी भरून यायची. मळ्यात वांगी नुकती फुलावर आलेली. मामंजी म्हणाले, "हौद बंद कर." सासूबाईंनी होकारार्थी मान डोलावली. मला वाटलं, संपलं माउलीचं पुण्य.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कादरभाईंची घोडी सवयीनं हौदाशी थांबली. कोरड्या दगडावरून तिनं जीभ फिरवली आणि तशीच मान खाली घालून उभी राहिली. कादरभाईंनी लगाम ओढला. "चल बेटी, आज कुछ नहीं है." घोडी हलेना. सासूबाई ओसरीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या, आमच्या पिण्याच्या पाण्याची घागर काखेत घेऊन बाहेर आल्या आणि सगळी हौदात ओतली.

रात्री मामंजींना वाढताना त्या म्हणाल्या, "मी हौद भरनार हाय."

"अन् वांगी?"

"वांगी जातीन."

"लिदीपायी मळा मारतं का तू?"

"लीद खड्ड्यात लय पडली हाय. तिचं काई नाई." सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकर वाढली. "पन ते जनावर आस लावून उभं राह्यते माह्या दारात. त्याले ही सवय कोनं लावली? मीच ना?"

वांगी गेली. फुलं गळाली, मग पानं. मामंजींनी बोलणं टाकलं. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. ताटात रोज बेसन नाही तर सांडगे. ते मला म्हणत, "इचार तुह्या सासूले, भाजी कवा भेटन? नाई तर घोड्याले इचारून ये म्हना." चुलीपाशी बसलेल्या सासूबाई मलाच सांगत, "इचारलं म्हना. घोडं म्हन्ते, गपचाप जेवा." हे आठवडेच्या आठवडे चाललं. एका दुपारी बाहेर कोणाचा तरी आवाज आला म्हणून मी डोकावले. मामंजी स्वतः बादलीनं हौद भरत होते आणि कुठल्याशा परक्या घोड्याला रागावत होते, "पी ना बे! माह्याकडे काय पाह्यतं?" सासूबाईंना मी ते दाखवलं. त्या संध्याकाळी बेसनात कांदा जरा जास्त होता.

पुढच्या वर्षी विहीर भरली, मळाही सावरला. पण रस्त्यावर मोटारी धावू लागल्या आणि टांगे कमी होत गेले. मोटार गेली की सासूबाई धुळीकडे बघत म्हणत, "खाते पेट्रोल अन् देते धूर. काय कामाची?" अशातच माझ्या नवऱ्याला अकोल्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरी लागली. वेगळं बिऱ्हाड होणार म्हणून सासूबाई चिडतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर मात्र एक भरलेलं पोतं माझ्या पुढ्यात ठेवलं. मी घाबरून वास घेतला. वास कसलाच नव्हता. आत चहापत्तीसारखं भुसभुशीत, काळं खत.

"दोन वर्सं मुरलं हाय," त्या म्हणाल्या.

"पण आत्याबाई, आमचं जायचं तर आत्ता ठरलं!"

"तुमचं आता ठरलं. तो जिनिंगच्या गोष्टी सांगाले लागला, तवाच म्या वेगळा खड्डा भरला." मग माझ्या पदराला लागलेला कचरा झटकत त्या म्हणाल्या, "आंगनात वाफा कर. मेथी लाव. अन् पह्यली जुडी कोनाले वाढू नको. तू खा. घरच्या समद्यांले वाढून तुह्या ताटात भाजी उरत नव्हती. मले दिसत होतं."

इतक्या वर्षांत त्या मला हे कधीच बोलल्या नव्हत्या. गाडी सुटली तेव्हा मी ते पोतं धरून बसले होते, आणि समोरची बाई नाक मुरडत होती.

अकोल्याच्या अंगणात मेथी आली. पहिली जुडी मी परतली आणि नवरा कामावर गेल्यावर एकटीनं बसून खाल्ली. दिवाळीला अमरावतीला गेले, ती आमची एकत्र शेवटची दिवाळी. चुलीपुढे सासूबाई करंज्या तळत होत्या. मी हळूच मेथीचं सांगितलं.

"कवळी होती का?"

"हो."

त्यांनी करंजी उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पोटभर?"